रकानेबाईंची जबानी

रकानेबाई हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं, इतकं ते चपखल बसलं होतं. घरातून निघालेल्या, घरातून काढलेल्या, घरच नसलेल्या बायकांसाठीच्या एका निवाऱ्यात त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. नोंदवही, आवक-जावक, सभांची इतिवृत्तं, टायपिंग, सगळं एकटीच्या अंगावर. रिकामा रकाना दिसला की यांच्या पोटात दुखायचं. एकदा दारावरच्या काकांनी रजेच्या अर्जात ‘कारण’ कोरं सोडलं, तर यांनी अर्ज परत पाठवला. काकांनी चिडून ‘कारण : कंटाळा’ असं लिहून दिलं, आणि यांनी तो अर्ज निमूटपणे मंजुरीला धाडला. का, तर रकाना भरला होता. आता बोला!

निवृत्त होऊन वर्ष झालं नसेल, तोच संस्थेतून बोलावणं आलं. विद्यापीठातली एक मुलगी निवाऱ्यावर अभ्यास करत होती. समाजकार्यात नेतृत्व कसं घडतं, हा तिचा विषय. जुन्या माणसांना बोलतं करायचं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करायच्या आणि त्यातून शोधायचं, की अडीअडचणीला निर्णय कोण घ्यायचं आणि कशाच्या जोरावर घ्यायचं. अहवालात ठराव सापडतात, माणसं सापडत नाहीत, असं तिचं म्हणणं. दोन दिवसांत सगळे तिला अभ्यासवाली म्हणू लागले. बोललेलं सगळं टाइप करायला तिला भरवशाचं माणूस हवं होतं. संस्थेत विचारलं, तेव्हा तीन जणांनी एकच नाव घेतलं.

“काकू, एकच अट,” अभ्यासवाली म्हणाली, “बोलणारा अडखळला तर अडखळलेलंही लिहायचं. खोकला तर खोकला.”

“मग तुला दुसरं माणूस बघायची गरजच नाही,” रकानेबाई म्हणाल्या.

जुन्या रेकॉर्डच्या खोलीत खिडकीशी त्यांना टेबल दिलं, कॉम्प्युटर दिला, कानाला लावायला हेडफोन दिले. आणि मग सुरू झाली गंमत. रेकॉर्डिंगच्या मशीनचं बटण दाबलं की माणसाला काय होतं देव जाणे! माजी उपाध्यक्षांनी खोलीत अभ्यासवाली एकटी असताना “उपस्थित बंधुभगिनींनो” अशी सुरुवात केली आणि चाळीस मिनिटं स्वतःला श्वास घेऊ दिला नाही. दारावरचे काका मशीनसमोर दोन मिनिटं बसले, “सगळं छान होतं” म्हणाले आणि उठले; मग बाहेर बाकावर तासभर सगळं कसं छान नव्हतं ते सांगत बसले. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आत्यांना नेतृत्वाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, “नेतृत्व? ते वरच्या मजल्यावर असायचं. खाली आम्ही होतो.” रकानेबाई टाइप करताना एकट्याच हसायच्या आणि मग कंसात ‘खोकला’ लिहायच्या.

पण एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या बोलण्यात यायचीच. निवाऱ्याचा नियम. दारात बाई आली की तिला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, कुणाची कोण नाही. आधी पोटभर जेवण, मग झोप, आणि नाव उद्या. नोंदीचं टेबल म्हणूनच दाराशी नव्हतं, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होतं. तिथवर पोहोचायचं तर जेवणाच्या खोलीतूनच जावं लागे. आत्या म्हणाल्या, “आमच्याकडे उपाशी माणसाची नोंदच होऊ शकत नाही.” अभ्यासवालीने या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

आणि नेमका हाच नियम आता मोडीत निघणार होता.

नवे सचिव माणूस वाईट नव्हते, उगाच का खोटं बोला. फायली काखेत घेऊन धावपळ करायचे, नळ गळत असला तर स्वतः पान्हा घेऊन बसायचे. पण मागच्या वर्षी दोन बायका खोटी नावं देऊन राहून गेल्या, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी सचिवांना सगळ्यांदेखत झापलं, आणि तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं होतं की टेबल पुन्हा दाराशी आणायचं. ओळखपत्र, फॉर्म, फोटो, आणि मग आत. ठराव तयार होता. शुक्रवारी सकाळी अकराला सभा होती.

मोठ्या बाईंचं रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी आलं. निवारा उभा केला तो बाईंनी. आता वय शहाऐंशी, भाचीकडे राहायच्या, गुडघ्यांनी संप पुकारलेला, पण आवाज तसाच, समोरच्याला सरळ बसायला लावणारा. रकानेबाईंनी हेडफोन चढवले आणि बोटं चालू केली. पहिला तासभर सगळं ठीक होतं. मग बाई म्हणाल्या:

“एकदा माझ्या हातून चूक झाली. फॉर्म अर्धवट राहिला म्हणून मी एका बाईला दारातून परत पाठवलं. फार लागलं मला ते. पण नशीब, तिसऱ्या दिवशी ती परत आली. तेव्हा मी ते टेबल उचललं आणि मागे नेलं.”

रकानेबाईंचे हात थांबले. त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं. बाईंनी परत पाठवलं नव्हतं. आणि ती परत आली नव्हती.

टाइप मात्र त्यांनी केलं, जसं बोललं होतं तसंच. जन्मात कधी दुसऱ्याच्या तोंडचा शब्द बदलला नव्हता, आज कसा बदलणार? अभ्यासवालीने कच्चा मसुदा समितीकडे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सचिव कागद फडकवत रेकॉर्डच्या खोलीत आले.

“वाचलंत ना? टाइप तुम्हीच केलंय म्हणा! बाई स्वतः सांगताहेत, ती परत आली. म्हणजे दाराशी नोंद घेतल्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एवढ्याशा प्रसंगावरून तीस वर्षं आपण डोळे मिटून माणसं आत घेतोय. मी सभेत हेच वाचून दाखवणार.”

सचिव गेल्यावर रकानेबाईंनी खिडकी उघडली, पुन्हा लावली, पाणी प्यायलं.

रकानेबाईंना नोकरीला लागून पहिलंच वर्ष होतं तेव्हा. तेव्हा टेबल दाराशीच असायचं, आणि टेबलामागे त्या. भर दुपारची वेळ. मोठ्या बाई कामाला बाहेर गेलेल्या. एक बाई आली, पंचविशीची असेल. नाव सांगितलं, वय सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. चार वेळा विचारलं. “हा रकाना रिकामा ठेवता येत नाही,” रकानेबाई म्हणाल्या, “बाहेर बाकावर बसा, सांगावंसं वाटलं की आत या.” ती “बरं” म्हणाली. अगदी साधं, “बरं”. रकानेबाईंनी दोन पत्रं टाइप केली आणि मान वर केली, तेव्हा बाक रिकामा होता. त्यांनी वहीत लिहिलं, ‘माहिती अपूर्ण. परत गेली.’ आणि वही मिटली.

चार वाजता मोठ्या बाई आल्या. आल्या की वही वाचायची, हा त्यांचा शिरस्ता. वाचली आणि विचारलं, “कुठल्या बाजूला गेली?”

रकानेबाईंना सांगता आलं नाही.

त्यानंतर तीन दिवस दोघी वणवण फिरल्या. बसस्टँड, दवाखाने, पोलीस चौकी, नदीवरचा पूल, पुलाखालचा घाटही. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, “पुरे झालं, तू कामाला लाग.” मग काकांना टेबलाचं एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, आणि ते ओढत स्वयंपाकघरामागे नेलं. त्या महिन्याच्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दारावर जे घडलं त्याची जबाबदारी माझी.” कारकून कोण होती हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. बाईंचं अध्यक्षपद गेलं. वर्षभर त्या स्वतःच्याच संस्थेत साध्या सदस्य म्हणून बसल्या. रकानेबाईंनी त्याच सभेचं इतिवृत्त टाइप केलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ शाळेत. नोकरी गेली असती तर चूल विझली असती. म्हणून गप्प बसल्या. मग वडील गेले, भाऊ कमावता झाला, त्याचं लग्न झालं, तरी गप्पच. भीती एकदा अंगवळणी पडली की तिला कारण लागत नाही.

सचिव कागद फडकवून गेले, त्या दिवशी घरी आल्यावर रकानेबाईंनी भावजयीला सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. भावजय भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“वन्सं, हे सभेत बोलणार तुम्ही? वेड लागलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“माझी असती तर झाकून ठेवली असती,” रकानेबाई म्हणाल्या. “ही मूठ बाईंची आहे. त्यांनी माझ्यासाठी आवळून धरलीय.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. लोकांना कामं काय आहेत दुसरी!”

भावजयीने मान हलवली, पण शुक्रवारी नेसायची साडी तिनेच इस्त्री करून ठेवली. वन्संच्या जिवाला लागलंय, एवढं तिला कळलं होतं.

बुधवारी रकानेबाई मोठ्या बाईंकडे गेल्या. बाई खुर्चीत बसून भाचीच्या मुलाचं गणित तपासत होत्या. मुलाला बाहेर पिटाळून म्हणाल्या, “आलीस का? वाटच बघत होते. टाइप झालं असेल.”

“खोटं का बोललात, बाई?”

“जीभ आवर. शहाऐंशी वर्षांच्या बाईला खोटारडी म्हणतेस?”

“म्हणते.”

बाईंनी चष्मा काढला. “ते टाइप तू करणार, हे मला माहीत होतं. तुझ्याच हाताने तुझ्याच डोक्यात दगड घालायला लावू? आणि ती परत आली म्हटलं तर तुला जरा बरं वाटेल, असंही वाटलं. म्हातारपणी अक्कल कमी होते.”

“टेबल परत दाराशी येतंय, बाई. तुमच्या त्या एका वाक्याच्या आधाराने.”

हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, “मी पत्र लिहून देते सचिवाला. म्हणेन, ती परत आली नव्हती, माझा विसर पडला.”

“आणि पाठवलं कुणी?”

“मी.”

“नाही.” रकानेबाईंचा आवाज चढला. बाईंसमोर जन्मात चढला नव्हता. “अर्धं खरं, अर्धं खोटं मी आता टाइप करणार नाही. तुमचं म्हणणं आहे तसं राहू द्या, मी एक अक्षर बदलत नाही. त्याच्या खाली माझं येईल.”

“तोंडावर थुंकतील तुझ्या.”

“थुंकू देत. तुमचं अध्यक्षपद गेलं तेव्हा मी टेबलाखाली पाय हलवत इतिवृत्त टाइप करत होते.”

“तेव्हा तुला काढलं असतं ना,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तर पुढे कुठल्याही पोरीने वहीत ‘परत गेली’ असं खरं लिहिलं नसतं. तू निदान लिहिलं होतंस. वाचल्यावर मला तेवढंच सुचलं.”

रकानेबाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. चहा न घेताच त्या निघाल्या.

शुक्रवारी सभेच्या खोलीत नऊ खुर्च्या. समितीची सात माणसं, अभ्यासवाली, आणि कोपऱ्यात रकानेबाई, मसुद्यातलं काही विचारलं तर सांगायला. दारात आत्या उगाचच फडकं घेऊन उभ्या. सचिवांनी ठराव मांडला, कारणं सांगितली, आणि मग मोठ्या बाईंचं वाक्य वाचून दाखवलं. “परत आली,” या शब्दांवर जरा थांबलेही. दोन-तीन माना हलल्या. “मग मतदान घेऊ,” अध्यक्ष म्हणाले.

“थांबा,” रकानेबाई उठल्या. “त्यात एक जबानी कमी आहे.”

“कुणाची?”

“माझी. पोरी, मशीन लाव.”

सचिव म्हणाले, “अहो, हे सभेनंतर—”

“सभेनंतर उपयोग नाही, साहेब. लाव गं.”

अभ्यासवालीने बटण दाबलं. रकानेबाईंनी खुर्चीची पाठ धरली आणि सांगायला सुरुवात केली. दुपार, बाक, चार वेळा विचारलेला प्रश्न, वहीतली ओळ, तीन दिवसांची शोधाशोध. कुठे सारवासारव केली नाही. “परत पाठवणारी मी होते. बाईंनी ते अंगावर घेतलं. आणि ती बाई परत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही आणि कधीच नाही.”

सचिवांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात चीड होती:

“एवढी वर्षं बोलला नाहीत. आज का?”

“भित्री होते म्हणून बोलले नाही. आज तुम्ही माझी चूक नियम म्हणून लिहायला निघालात, म्हणून बोलतेय. त्या टेबलामागे उद्या कुणीतरी नवी मुलगी बसेल. चांगली असेल, कामसू असेल, माझ्यासारखी. तिला वाटेल, आपण काम चोख करतोय.”

“तिचं नाव काय होतं?” अध्यक्षांनी विचारलं. “त्या बाईचं. तिने नाव सांगितलं होतं म्हणालात.”

रकानेबाई म्हणाल्या, “सांगितलं होतं. माझ्याच हाताने लिहिलं होतं. ती वही पुढे वाळवीने खाल्ली, आणि मला नाव आठवत नाही. वय आठवत नाही. मी विचारलेलं काहीच आठवत नाही, साहेब. तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी होता, ते आठवतं. ते मी विचारलं नव्हतं.”

दारातल्या आत्यांनी फडकं तोंडाला लावलं. सचिवांनी पेन काढलं आणि ठरावाच्या कागदावर आडवी रेघ मारली.

“ठराव मागे घेतो,” ते म्हणाले. “पण नोंद नीट झाली पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे. दुसऱ्या दिवशी. मागच्या खोलीत.”

“तिथे मी स्वतः येऊन नव्या मुलीला शिकवते,” रकानेबाई म्हणाल्या. आणि मट्‌कन खाली बसल्या.

बाहेर आल्यावर अभ्यासवाली म्हणाली, “काकू, अभ्यासात तुमचं नाव बदलून टाकता येईल. तशी पद्धत आहे. कुणाला कळणार नाही.”

“खबरदार! बाईंनी एकतीस वर्षं झाकलं, आता तू झाकू नकोस. चल, बाईंना ऐकवायचंय.”

दोघी बसने बाईंकडे गेल्या. बाईंनी डोळे मिटून सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, “चांगलं बोललीस. एकच चुकलंय.”

“काय?”

“तीन दिवस शोधलं म्हणालीस. तीन दिवस तुला बरोबर नेलं. चौथ्या दिवशी पुरे म्हटलं, कारण तू जेवत नव्हतीस, आजारी पडली असतीस. मी जात होते. रोज चार वाजता स्टँडवर जाऊन बसायचे, शेवटची गाडी बघून उठायचे.”

“किती दिवस?” रकानेबाईंनी विचारलं.

“वर्षभर. अध्यक्षपद गेलं होतं ना, वेळच वेळ होता.” बाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. “बाईमाणूस उतरलं की आधी पायांकडे बघायचे. तू चपलेचं सांगितलं होतंस.”

रकानेबाईंनी बाईंचा हात धरला. मग रकानेबाईंनी नाक पुसलं आणि मागे वळून म्हणाल्या, “पोरी, मशीन चालू आहे का?”

“नाही, काकू. बंद केलं मघाशी.”

“लाव परत.”

“आता कशाला?” बाई म्हणाल्या. “झालं की तुझं सगळं सांगून.”

“माझं झालं. तुमचं राहिलंय. आणि या वेळी खरं बोला.”

अभ्यासवालीने बटण दाबलं. बाईंनी घसा साफ केला, खुर्चीत सरळ बसल्या आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागल्या.